कोटेशनवर वजन लिहा : पिकअप विकणाऱ्या एका महाशयांना खुले पत्र

महाशय,

या पत्रात तुमचं नाव नाही, तुमच्या शोरूमचं नाही, तुम्ही विकता त्या कंपनीचंही नाही. हे वाचणाऱ्या जबलपुरातल्या, नागपुरातल्या, अमरावतीतल्या अनेकांना इथे आपापल्या गावचा विक्रेता दिसेल. पण पत्र कुणाला आहे ते तुम्हाला लगेच कळेल. ‘दो-ढाई टन तो आराम से खींच लेगी, भैया,’ हे वाक्य तुमचं. महाराजपुरातल्या माझ्या पुतण्याला ते तुम्ही ऐकवलंत, आणि त्याच दमात त्याच्या वडिलांपुढे सहीसाठी पेन धरलंत.

तो काय वाहतो हे तुम्हाला माहीत होतं. जबलपूर जिल्हा हिरव्या मटाराचा. सरकारच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेतही जबलपूरच्या नावापुढे मटारच आहे. पनागर, सिहोरा, पाटण, शहपुरा इथून थंडीभर पोती निघतात आणि नागपूर, हैदराबाद, मुंबईकडे जातात. माझा पुतण्या दुसऱ्याच्या गाडीवर चालक होता. स्वतःची गाडी घ्यायची, हंगामात दीड-पावणेदोन टन मटार नागपूरच्या कळमना बाजारात पोचवायचा आणि उरलेलं वर्ष रिछाईच्या कारखान्यांचा माल शहरात फिरवायचा, एवढं साधं गणित घेऊन तो तुमच्याकडे आला होता. त्याने नीट विचारलं होतं : महिंद्रा, टाटा, अशोक लेलँड, इसुझू, यांतली माझ्या कामाला कुठली? गाडी घेण्याआधी करावी ती तुलना तो करत होता. तुम्ही त्या तुलनेचाच घात केलात.

तुम्ही काढलात तो प्लास्टिकमध्ये मढवलेला तक्ता. डाव्या बाजूला तुमची गाडी, उजवीकडे बाकीच्यांच्या. तुमच्या रकान्यात कंपनीच्या सगळ्यात भारी मॉडेलचे आकडे आणि इतरांच्या रकान्यात त्यांच्या सगळ्यात हलक्या मॉडेलचे. वर तक्त्यातलं ते भारी मॉडेल तुमच्या गोदामात नव्हतंच. मग दाखवलंत एक आणि विकलंत दुसरं, त्याच नावाचं, तेच तोंड असलेलं, पण पासिंग, म्हणजे मंजूर भार, बाराशे किलोचं. मुलगा विचारत होता पावणेदोन टनांचं. याला मी चलाखी म्हणणार नाही. ही फसवणूक आहे.

जो वाचक उद्या पिकअप घ्यायला निघाला आहे त्याने इथे थांबून समजून घ्यावं, कारण तुमच्यासारखे लोक नेमकं हेच झाकतात. ‘बोलेरो घेऊ की योद्धा?’ हा प्रश्नच अर्धा आहे. बोलेरो पिकअप 1.3 टनांची मिळते आणि 1.7 टनांचीही. टाटा योद्धा 1200, 1500, 1700 आणि 2000 किलोंत येते. अशोक लेलँडच्या बडा दोस्तमध्येही i3 आणि i4 यांच्या भारात मोठं अंतर आहे. एका कंपनीची हलकी गाडी दुसरीच्या भारी गाडीशेजारी ठेवली की वाटेल तो निकाल लावता येतो. इंजिनाच्या आकड्यांचंही तेच. बोलेरो पिकअपचं इंजिन 2523 सीसीचं आणि ताकद 75 अश्वशक्ती. योद्धाचं त्याहून लहान, 2179 सीसी, पण 100 अश्वशक्ती. बडा दोस्तचं जेमतेम दीड लिटरचं, तरी 80 अश्वशक्ती. यातला कुठलाही एक आकडा उचलून ‘आमचीच भारी’ म्हणता येतं, आणि तुम्ही तेच केलंत. कोणती गाडी भरल्या हौद्याने घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर निवांत राहते, कोणत्या गाडीचा क्लच आधी जळतो, कोणत्या गाडीचे सुटे भाग अधारतालच्या दुकानात त्याच दिवशी मिळतात, यावर तुमच्या तक्त्यात एक ओळ नव्हती.

मोठ्या पिकअपचा खरा देश अमेरिका. तिथेही कंपन्यांनी हा खेळ वर्षानुवर्षं खेळला. मागे किती वजनाचा ट्रेलर ओढता येतो याचा आकडा जो तो आपल्या पद्धतीने मोजायचा आणि जाहिरातीत छापायचा. शेवटी अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने 2008 साली जे2807 नावाची एकच चाचणी ठरवली. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा सुमारे 18 किलोमीटरचा चढ, कडक उन्हाळा, एसी पूर्ण चालू आणि मागे जाहीर केलेला सगळा भार. एवढ्यावर ठरलेल्या वेगाखाली न उतरता गाडी वर पोचली तरच आकडा खरा. टोयोटाने 2011च्या मॉडेलपासून ती मानली आणि तिच्या टुंड्राचे जाहीर आकडे खाली आले. फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम 2015च्या सुमारास त्या रांगेत उभे राहिले. तेव्हा कुठे तिथल्या गिऱ्हाइकाला एकाच मापाने मोजलेले आकडे शेजारी-शेजारी ठेवता आले. शिवाय तिथे दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, या गाडीत माणसं आणि माल मिळून किती वजन बसेल. नुसत्या मॉडेलचं नव्हे, त्या एका गाडीचं.

आपल्याकडे तसं लेबल नसलं तरी आकडा लपलेला नाही. तो आरसीवर असतो. एकूण वजन वजा रिकामं वजन, हिशोब संपला. तुमच्या टेबलावर तो अर्ध्या मिनिटात मांडता आला असता. समजा आरसीवर एकूण वजन 2990 किलो आहे आणि हौद्यासकट रिकामं वजन 1770. उरले 1220. त्यात चालक आणि हेल्पर यांचे 140 किलो. मटाराची पोती उंच रचायला लोहाराकडून जाळी वाढवून घेतली की आणखी शंभर किलो. मालासाठी राहिले 980. दीड-पावणेदोन टन मागणाऱ्या मुलाच्या हाती तुम्ही एक टनाच्या आतली गाडी दिलीत आणि तोंडाने अडीच टनांचा भरवसा दिलात.

इतक्या गाड्यांचं एकूण वजन 2990च्या आसपास का अडकतं, हेही तुम्हाला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या 66व्या कलमात 3000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. ही सवलत छोट्या गाडीवाल्याच्या खरोखर कामाची आहे आणि ती सांगितलीत याबद्दल तक्रार नाही. पण ‘परमिटचं झंझट नाही’ हे वाक्य पूर्ण करायला हवं होतं : परमिट नको असेल तर गाडी आणि माल मिळून तीन टनांच्या आत राहा, पावणेदोन टन माल न्यायचा असेल तर वरचं मॉडेल घ्या आणि परमिट काढा. दोन्ही वाटा चोख आहेत. निवड त्याची होती. तुम्ही त्याला निवडूच दिलं नाहीत.

आता मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं. तुमच्या सगळ्या बोलण्यात मला सर्वांत जास्त चीड याची आली. ‘पीछे दो पट्टे और डलवा लेना’ असं तुम्ही गाडी घरी जायच्या आधीच सुचवलंत. पाटे वाढवले की गाडी मागून दबत नाही, ताठ दिसते, म्हणून भार पेलला असं वाटतं. पण पाट्याने वाढते ती फक्त पाट्याची ताकद. मागचा अ‍ॅक्सल तोच राहतो. चाकाच्या बेअरिंगा त्याच. टायरच्या कडेला भाराचा जो क्रमांक छापलेला असतो तो बदलत नाही. ब्रेकच्या ड्रमात लायनिंग तेवढंच असतं. आणि अनेक पिकअपना मागे भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. भार जास्त, हौदा खाली, मागचा ब्रेक जोरात, अशी ती व्यवस्था. पाटे वाढवलेल्या गाडीत हौदा खाली बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक तो कमी करतो. म्हणजे भार दुप्पट आणि ब्रेक रिकाम्या गाडीएवढा. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुम्ही गाड्या विकू नयेत. ठाऊक असेल तर काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं.

जबलपूर ते नागपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. लखनादौन, सिवनी सोडलं की पेंचच्या जंगलाआधी कुरईचा घाट लागतो. तिथल्या उतारावर भरल्या गाडीचा चालक पायाखालच्या ब्रेकवर आणि गिअरवर जगतो. त्या उतारावर, तुमच्या सल्ल्याने पाटे वाढवून भरलेल्या, माझ्या पुतण्याच्या गाडीचा पाटा तुटला. गाडी कडेच्या भिंतीला घासून थांबली, म्हणून आज हे पत्र रागाचं आहे, शोकाचं नाही. मटार अर्धा रस्त्यावर सांडला, उरलेला दुसऱ्या गाडीत भरेपर्यंत बाजार उलटून गेला. ताज्या मटाराला एक दिवस उशीर म्हणजे काय हे पनागरच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

त्यानंतरचा भाग तुम्हाला सांगायलाच हवा, कारण तो तुमच्याच आवारात घडला. विक्रीच्या काउंटरपासून एका भिंतीपलीकडे तुमचं सर्व्हिस सेंटर आहे. तिथल्या माणसाने पाटे मोजले, रजिस्टर उघडलं आणि वॉरंटी नाकारली. कारण दोन : क्षमतेपेक्षा जास्त भार आणि बाहेरून केलेला बदल. वॉरंटीच्या पुस्तिकेत ते छापलेलं आहे, आणि तो माणूस नियमाने बरोबर होता. भिंतीच्या एका बाजूला जे करा म्हणून सांगता, त्याच कारणाने दुसऱ्या बाजूला हात वर करता. पगार मात्र दोन्ही बाजूंचा एकाच तिजोरीतून निघतो.

गाडी चांगली होती, हे मी मुद्दाम लिहितो. हजार किलोच्या कामाला ती वर्षानुवर्षं टिकली असती. दोष कंपनीच्या कारखान्यात नव्हता, तुमच्या जिभेत होता.

‘सगळेच भरतात, ओव्हरलोडशिवाय धंदा होत नाही’ हे तुमचं नेहमीचं उत्तर. ऐकून घ्या. व्यापारी फेरीवर भाडं देतो. एका फेरीत दुप्पट माल गेला तर एक भाडं वाचतं, आणि ते वाचतं व्यापाऱ्याचं. टायर, क्लच, पाटे आणि दंड गाडीवाल्याच्या खिशातून जातात. 2019च्या दुरुस्तीनंतर कलम 194 मध्ये जादा भाराला 20,000 रुपये दंड आहे आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. माल उतरवायचा खर्च वेगळा. गाडी चालवणारा त्यात येतो आणि चालवायला लावणाराही येतो. विकताना तोंडी सांगून मोकळा होणारा तुमच्यासारखा माणूस मात्र त्या कलमातून निसटतो. अपघात झालाच, तर विमा कंपनीला आक्षेप घ्यायची जागा तुम्ही आयती करून ठेवलेली असते.

कर्जाचं पान तुम्ही बोटाने झाकून सही घेतलीत. ‘नऊ टक्के’ म्हणालात. फ्लॅट की घटत्या शिलकीवर, हे सांगितलं नाहीत. आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं. घटत्या शिलकीवर नऊ टक्के असते तर हप्ता सुमारे 16,600 रुपये आला असता. फ्लॅट नऊ टक्क्यांत तो 19,333 येतो, म्हणजे खरा दर पावणेसोळा टक्क्यांच्या आसपास. साठ हप्त्यांत फरक एक लाख 63 हजारांहून जास्त. त्या फरकात वरचं, पुरेशा पासिंगचं मॉडेल घेऊन चार पैसे उरले असते. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जाला मुख्य तथ्यांचं एक पत्रक सक्तीचं केलं आहे. त्यावर सगळे खर्च धरून वार्षिक खरा दर लिहावा लागतो. गठ्ठ्यात ते पान होतं. बाकीची पानं तुम्ही वाचून दाखवलीत, ते तेवढं उलटलंत.

आणि हे सगळं तुम्ही जबलपुरात केलंत! भारवाहू गाडी म्हणजे काय हे ज्या शहराला घराघरात कळतं, त्या शहरात. इथली व्हेईकल फॅक्टरी 1969 पासून लष्कराला गाड्या देते. शक्तिमान, जोंगा आणि निसानच्या परवान्यावर बनलेली एक टनी इथल्याच हातांनी जोडली. आमच्या मराठी वस्तीतल्या किती घरांत कुणी ना कुणी या फॅक्टरीत किंवा 1904च्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला होतं. लष्कर गाडीचा वर्ग भारानेच ठरवतं : एक टनी, अडीच टनी, पाच टनी. इथे जोडली जाणारी अडीच टनी एलपीटीए ही सहा सिलिंडरची, चारही चाकांना ताकद देणारी उंच गाडी आहे. तिचा भार अडीच टन धरला आहे, कारण ती वाळूत आणि डोंगरात जाणार आहे. वाट बिकट असेल तर भार कमी धरायचा, हा शहाणपणा या शहरातल्या फिटरला पाठ आहे. लष्कर विकत घेण्याआधी भार लादून उन्हाळ्यात, थंडीत, उंचावर चाचणी घेतं. तुम्ही माझ्या पुतण्याला रिकामी गाडी बायपासच्या सपाट रस्त्यावर फिरवून आणलीत आणि ‘पिकअप देखा?’ म्हणून विचारलंत.

प्रामाणिक विक्रेत्याने त्याला काय विचारलं असतं? रोज किती किलोमीटर, किती वजन, कुठला घाट. हंगाम संपल्यावर गाडी शहरातच दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणार का. कारण बीएस-6 डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब, तापून चालावी लागते. फक्त गल्लीबोळांत फिरणाऱ्याला पेट्रोल किंवा सीएनजीचं लहान वाहन परवडतं. डेफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रव, भरावं लागणारं मॉडेल आहे का. गाडी कुठल्या महिन्यात बनलेली आहे, कारण आरसीवर महिना आणि वर्ष छापलं जातं आणि जुनी गाडी विकताना किंमत त्यावरूनच ठरते. असं विचारणारे विक्रेते या शहरात आहेत. ते तुमच्यापेक्षा कमी गाड्या विकतात, आणि त्यांची गिऱ्हाइकं दुसरी गाडी घ्यायलाही त्यांच्याकडेच जातात.

तुमच्याकडून मला माफी नको. एक काम हवं आहे. उद्यापासून प्रत्येक कोटेशनवर मॉडेलच्या नावाखाली चार आकडे लिहा : एकूण वजन, हौद्यासकट रिकामं वजन, मालासाठी उरलेलं वजन आणि कर्जाचा खरा वार्षिक दर. खाली सही करा, शिक्का मारा. तो मढवलेला तक्ता फाडून टाका. पाटे वाढवायचा सल्ला द्यायचा असेल तर तोही कागदावर द्या, म्हणजे भिंतीपलीकडच्या माणसाला दाखवता येईल.

वाचकहो, विशेषतः स्वतःच्या पोटासाठी स्वतः गाडी चालवणाऱ्यांनो, ‘धंद्याची गाडी आहे, ग्राहक कायदा तुम्हाला लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आणि विक्रेता जे तोंडाने सांगतो ते तिथल्या तिथे त्याच्याच मोबाइलवरून तुमच्या मोबाइलवर लिहून पाठवायला सांगा. पाठवत नसेल तर गाडी घेऊ नका.

— महाराजपूर, जबलपूर येथील एक रहिवासी